पन्नासचा काटा

पैनगंगेच्या दोन्ही काठांवर माती काळी आणि पीक कापसाचं. बेला, जैनथ, तामसी या आदिलाबादच्या मंडलांत बाजाराच्या दिवशी मराठी सहज कानावर पडते. काठ बदलला की विहिरीवरच्या मोटरीचं वेळापत्रक मात्र बदलतं. यवतमाळच्या बाजूला शेतीची थ्री-फेज वीज वर्षानुवर्षं पाळीने येत आली आहे: काही दिवस दिवसा आठ तास, काही दिवस रात्री दहा तास. रात्रपाळी आली की हातात बॅटरी आणि काठी घेऊन पाणी द्यायला निघायचं. आदिलाबादच्या बाजूला तेलंगणा सरकारने १ जानेवारी २०१८ पासून शेतीला चोवीस तास वीज जाहीर केली, आणि तीही मोफत.

त्या वेळी तेलंगणाच्या वीज कंपन्यांनी शेतकऱ्यांना एक चमत्कारिक वाटणारी विनंती केली होती. मोटरीला लावलेले ऑटो-स्टार्टर काढून टाका, अशी. पाळीच्या दिवसांत शेतकऱ्याने हे यंत्र मोठ्या हौसेने बसवलेलं असतं; वीज आली की मोटर आपोआप सुरू, रात्री उठायला नको. मग चोवीस तास वीज मिळणार तर ते काढायचं कशाला? एक कारण भूजलाचं: मोटर थांबणारच नाही आणि विहीर कोरडी पडेल. दुसरं कारण इंजिनिअरचं होतं. इंडक्शन मोटर सुरू होताना पहिले काही क्षण नेहमीच्या पाच-सहा पट करंट ओढते. एखादा फीडर, म्हणजे सबस्टेशनातून निघणारी वीजवाहिनी, ट्रिप होऊन परत आला आणि त्यावरच्या शेकडो मोटरी ऑटो-स्टार्टरमुळे एकाच क्षणी उठल्या, तर फीडर पुन्हा बसतो. प्रत्येकाने आपापल्या वेळी, हाताने बटण दाबलं तर तोच भार पसरतो आणि फीडर टिकतो.

बारावीनंतर इलेक्ट्रिकल घ्यावं का, असं विचारणाऱ्या मुलाला किंवा मुलीला मी आधी हा स्टार्टरचा किस्सा सांगेन, कॉलेजांची यादी नंतर. वीज जवळजवळ त्याच क्षणी खर्च व्हावी लागते ज्या क्षणी ती बनते. धान्याला कोठार आहे, कोळशाला ढीग आहे. विजेला आत्ता आत्तापर्यंत यांतलं काही नव्हतं. या शाखेतले बहुतेक विषय आणि बहुतेक नोकऱ्या या एका अडचणीतून निघाल्या आहेत.

ही अडचण मोजायचा आकडा म्हणजे पन्नास. आपल्याकडची वीज सेकंदाला पन्नास आवर्तनं करते. औष्णिक केंद्रातलं दोन ध्रुवांचं जनित्र त्यासाठी मिनिटाला बरोबर ३००० फेरे घेतं. देशभरची जोडलेली जनित्रं एकाच जुवाखालच्या बैलांसारखी एका चालीने चालतात. एकाला एकट्याला पुढे पळता येत नाही की मागे रेंगाळता येत नाही. मागणी वाढली आणि निर्मिती वाढली नाही, तर सगळ्यांचीच चाल मंदावते आणि काटा ४९.९ च्या खाली घसरू लागतो. मागणी एकदम पडली तर काटा वर चढतो. ग्रिडच्या नियमावलीने सध्या ४९.९० ते ५०.०५ एवढीच जागा ठेवली आहे. हा काटा सांभाळायला राज्यांची भार प्रेषण केंद्रं आहेत. त्यांच्यावर विभागाची केंद्रं, पश्चिमेचं मुंबईत आणि दक्षिणेचं बंगळुरूत. सर्वांत वर दिल्लीचं राष्ट्रीय केंद्र.

५ एप्रिल २०२० ची रात्र बहुतेकांना आठवत असेल. पंतप्रधानांनी नऊ वाजता नऊ मिनिटं दिवे मालवायला सांगितले होते. महाराष्ट्राचे तेव्हाचे ऊर्जामंत्री नितीन राऊत यांनी, सगळे दिवे एकदम बंद केले तर ग्रिड कोसळू शकतं, अशी भीती जाहीर बोलून दाखवली आणि त्यांची चेष्टाही झाली. भीती निराधार नव्हती. ग्रिड चालवणाऱ्यांचा अंदाज सुमारे तेरा हजार मेगावॉट भार कमी होईल असा होता. प्रत्यक्षात ३१ हजार मेगावॉटहून जास्त भार उतरला आणि काही मिनिटांत परत चढला. वारंवारता ४९.७० ते ५०.२६ या पट्ट्यात राहिली. जलविद्युत केंद्रं झपाट्याने खाली आणली गेली आणि तितक्याच झपाट्याने वर नेली गेली, कारण कोळशाचा बॉयलर असा नाचवता येत नाही. लोकांनी गॅलरीत पणत्या लावल्या तेव्हा ही कसरत करणारी माणसं याच शाखेतून बाहेर पडलेली होती.

आता नकाशा पाहू. जुना आदिलाबाद जिल्हा ११ ऑक्टोबर २०१६ ला चार तुकड्यांत विभागला गेला: आदिलाबाद, निर्मल, मंचिर्याल आणि कुमुरम भीम आसिफाबाद. या चौघांच्या भोवती देशातल्या विजेची केवढी दाटी आहे, हे इथल्याच पुष्कळ लोकांना ठाऊक नसतं. दक्षिणेला, गोदावरी ओलांडली की रामगुंडम: एनटीपीसीचं २६०० मेगावॉटचं केंद्र, १९८३ पासून चालू. त्याच आवारात ८०० मेगावॉटचे दोन नवे संच २०२३-२४ मध्ये आले. मंचिर्याल जिल्ह्यात जयपूरला सिंगरेणी कोळसा कंपनीचे ६०० मेगावॉटचे दोन संच आहेत, २०१६ पासूनचे. कोळसा खणणारी कंपनी तिथे वीज विकू लागली. उत्तरेला वर्धा नदीपलीकडे महानिर्मितीचं चंद्रपूर, २९२० मेगावॉट. आणि चंद्रपूर-वरोरा रस्त्यावर भद्रावती.

भद्रावतीला लोक लेण्यांसाठी आणि जैन मंदिरासाठी जातात. इलेक्ट्रिकलच्या विद्यार्थ्याने तिथल्या पॉवरग्रिडच्या केंद्रासाठी जावं. १९९० च्या दशकात पश्चिमेचं ग्रिड आणि दक्षिणेचं ग्रिड वेगवेगळ्या चालीने चालत. दक्षिणेत टंचाई मोठी, तिथला काटा बराच खाली असायचा. म्हणजे पांढरकवड्याच्या घरातली वीज आणि आदिलाबादच्या घरातली वीज, मध्ये एक नदी, आणि दोन्हींची आवर्तनं वेगळी. असली दोन ग्रिडं तारेला तार लावून सरळ जोडता येत नाहीत. म्हणून भद्रावतीला १९९७-९८ मध्ये एक युक्ती उभी राहिली: एका बाजूची एसी वीज थायरिस्टरने डीसी करायची आणि त्याच आवारात दुसऱ्या बाजूच्या चालीची एसी करून रामगुंडमच्या ४०० केव्ही लाइनीवर सोडायची. डीसीला आवर्तन नसतं, त्यामुळे भांडणच उरत नाही. क्षमता ५०० मेगावॉटचे दोन भाग, मिळून १०००.

या वेगळेपणाचा फायदाही झाला. ३० आणि ३१ जुलै २०१२ ला उत्तर भारताचं, आणि दुसऱ्या दिवशी पूर्व आणि ईशान्येचंही ग्रिड बसलं. साठ कोटींहून जास्त लोक राहतात अशा प्रदेशाची वीज गेली. सुरुवात ४०० केव्हीच्या बीना-ग्वाल्हेर लाइनीपासून झाली. गंमत अशी की त्या लाइनीवर कुठेही शॉर्ट सर्किट नव्हतं. भार इतका वाढला होता आणि व्होल्टेज इतकं पडलं होतं की रिलेला तो दूरवरचा बिघाडच वाटला आणि त्याने लाइन तोडली. तिचा भार शेजारच्या लाइनींवर गेला, त्याही गेल्या. ‘प्रोटेक्शन’ नावाचा विषय सहसा तिसऱ्या वर्षाच्या सुमारास येतो. मुलं त्याची सूत्रं पाठ करतात. या दोन दिवसांच्या घटनाक्रमाचा आलेख समोर ठेवून शिकवला तर तो विषय कुणी विसरणार नाही, असं मला फार वाटतं. दक्षिण मात्र त्या दोन्ही दिवशी शाबूत राहिली, कारण ती उरलेल्या देशाशी फक्त डीसीने जोडलेली होती.

पुढे ३१ डिसेंबर २०१३ ला ७६५ केव्हीच्या रायचूर-सोलापूर लाइनीने दक्षिणही देशाच्या चालीत आली. त्या दिवसापासून पैनगंगेच्या दोन्ही काठांवरचा काटा एकच आहे.

हे ‘चालीत आणणं’ इलेक्ट्रिकलचा विद्यार्थी मशीन लॅबमध्ये स्वतःच्या हाताने करतो. एक लहान अल्टरनेटर कॉलेजच्या पुरवठ्याला जोडायचा असतो. दोन्हींमध्ये तीन दिवे लावतात. आवर्तनं जुळलेली नसतील तर दिवे लुकलुकतात. फरक जितका कमी, तितकी लुकलुक संथ. वेग हळूहळू जुळवत नेला की दिवे सावकाश पेटू-विझू लागतात, आणि पूर्ण विझलेल्या क्षणी स्विच मारायचा. घाई केली तर यंत्र असा दणका देतं की टेबल हादरतं. या प्रयोगाने एक गोष्ट हाडात शिरते जी पुस्तकातून शिरत नाही: दोन मोठ्या यंत्रणा जोडताना जोर कामाचा नसतो, वेळ साधावी लागते. सोलापूरच्या लाइनीवर मोजमाप यंत्रांनी झालं ते तत्त्वतः हेच होतं.

बाकी अभ्यासक्रमाबद्दल फार लिहायची गरज नाही. कोणत्याही विद्यापीठाच्या पुस्तिकेत तो मिळतो. सर्किट, यंत्रं, पॉवर सिस्टिम, कंट्रोल, मोजमापं, पॉवर इलेक्ट्रॉनिक्स. तेलंगणात या शाखेला बहुतेक ठिकाणी ‘ट्रिपल ई’ म्हणतात, महाराष्ट्रात नुसतं ‘इलेक्ट्रिकल’. खरी गळती दुसऱ्या वर्षी होते, आणि ती विजेमुळे नव्हे, गणितामुळे. एसी वीज समजायला काल्पनिक संख्या लागतात. बारावीत ‘याचा उपयोग काय’ म्हणून सोडून दिलेलं ते प्रकरण इथे रोजच्या वापरात येतं. गणिताशी ज्याचं वैर आहे त्याने कुणाच्या आग्रहाने ही शाखा घेऊ नये, हे स्पष्ट सांगितलेलं बरं.

आदिलाबादच्या मराठी मुलाला कोणकोणती दारं उघडी आहेत, हे मात्र नीट सांगायला हवं, कारण इथे गफलत फार होते.

बासर आपल्याला सरस्वतीमुळे माहीत. मुलाला पाटी धरायला लावायला नांदेड-परभणीकडची कितीतरी घरं तिथे जातात. त्याच बासरला २००८ मध्ये राजीव गांधी ज्ञान-तंत्रज्ञान विद्यापीठाचा परिसर सुरू झाला, लोकांच्या तोंडी ‘ट्रिपल आयटी बासर’. तेव्हा हा आदिलाबाद जिल्हाच होता, आता निर्मल. दहावीनंतरच, दहावीच्या गुणांवर प्रवेश. दोन वर्षं बारावीच्या तोडीचा अभ्यास आणि मग चार वर्षं बी.टेक. सरकारी शाळेतल्या मुलांच्या गुणांकात थोडी भर घालून त्यांना पुढे आणायची तरतूद आहे, कारण हे विद्यापीठ मुळात खेड्यातल्या हुशार मुलांसाठी काढलं. शाखांमध्ये ट्रिपल ई आहे. खेड्यातल्या जिल्हा परिषद शाळेतून चांगल्या गुणांनी दहावी झालेल्या मुलासाठी याहून सरळ वाट माझ्या माहितीत नाही.

दुसरी वाट पॉलिटेक्निकची. दहावीनंतर पॉलिसेट देऊन तीन वर्षांची पदविका, आणि मग ईसेट देऊन थेट बी.टेक.च्या दुसऱ्या वर्षाला. महाराष्ट्रातही डिप्लोमावाल्यांना ‘डायरेक्ट सेकंड इयर’ मिळतं. घरची कमाई लवकर सुरू व्हावी अशी निकड असेल तर ही वाट कमी प्रतीची मुळीच नाही. वीज कंपन्यांत पदविकाधारकांसाठी वेगळी पदं असतात आणि सबस्टेशनात तीन वर्षं घालवलेला माणूस पुढे पदवीला बसला की त्याला पुस्तक वेगळं दिसतं. तिसरी वाट बारावीनंतर टीजी ईएपीसेटची, आणि ज्यांची तयारी पक्की आहे त्यांना जेईईवरून वरंगळच्या एनआयटीची. ते १९५९ मध्ये पायाभरणी झालेलं देशातलं पहिलं रीजनल इंजिनिअरिंग कॉलेज.

गफलत होते ती नदीपलीकडे पाहताना. नांदेडचं गुरु गोविंदसिंगजी कॉलेज, पुसदचं बाबासाहेब नाईक कॉलेज, चंद्रपूर आणि यवतमाळची सरकारी कॉलेजं हाताच्या अंतरावर दिसतात आणि भाषाही आपली. पण महाराष्ट्राच्या राज्य कोट्याचे नियम दहावी-बारावी कुठे झाली आणि अधिवास कुठला, यावर चालतात. कर्नाटकातल्या वादग्रस्त सीमाभागातल्या ८६५ गावांच्या मुलांना महाराष्ट्राने प्रवेशात खास सोय दिली आहे. आदिलाबादच्या मराठी मुलाला ती लागू नाही. उलट बाजूने, तेलंगणातलं ‘स्थानिक’पण पात्रता परीक्षेआधीच्या सलग वर्षांत कुठे शिकलात यावर मोजतात. सरकारी नोकरीत तर २०१८ च्या राष्ट्रपती आदेशाने ९५ टक्के जागा स्थानिकांना ठेवल्या, आणि तिथे हिशेब पहिली ते सातवीचा, त्यांतली किमान चार वर्षं. अकरावी-बारावीसाठी लातूरला जायची आपल्याकडे फॅशन आहे. ती करण्याआधी सीमेवरच्या पालकाने दोन्ही राज्यांचे नियम मांडीवर घेऊन बसावं. दहावी इकडची आणि बारावी तिकडची झाली की मूल दोन्हीकडे पाहुणं ठरू शकतं.

भाषेची गोष्टही याच ओघात. निजामाच्या राज्यात १९१८ मध्ये सुरू झालेल्या उस्मानिया विद्यापीठाने उच्च शिक्षण उर्दूतून द्यायचं ठरवलं आणि त्यासाठी भाषांतराचा स्वतंत्र विभाग उभारून शास्त्रांची पुस्तकं उर्दूत आणली. अभियांत्रिकी महाविद्यालय १९२९ चं. आदिलाबाद तेव्हा त्याच राज्यात होतं. देशी भाषेत इंजिनिअरिंग ही कल्पना म्हणून नवी नाही. २०२१ मध्ये एआयसीटीईने प्रादेशिक भाषांत अभियांत्रिकीला परवानगी दिली तेव्हा मराठीतून वर्ग काढायला पुढे आलं ते पिंपरी-चिंचवड कॉलेज, तेही कॉम्प्युटर शाखेसाठी. मराठी माध्यमातून दहावी झालेल्या आदिलाबादच्या मुलाला मात्र तेलुगू, हिंदी आणि इंग्रजी या तिन्हींशी जुळवून घ्यावंच लागतं. ओझं आहे खरं. पण पुढे फीडरवर काम करताना गोंडी-तेलुगू-मराठी बोलणाऱ्या तीन गावांशी एका दिवसात बोलायचं असतं, तिथे हेच ओझं कामाला येतं.

आणि आता नोकऱ्या. लोक नेहमी निर्मितीपासून सुरू करतात. मी वितरणापासून करतो, कारण सर्वांत जास्त माणसं तिथे लागतात आणि सर्वांत कमी कौतुक तिथे होतं. आदिलाबादला वीज पोचवते ती वरंगळला मुख्यालय असलेली उत्तर तेलंगणाची वितरण कंपनी; नदीपलीकडे महावितरण. इकडे सेक्शनला एई, म्हणजे सहाय्यक अभियंता, वर एडीई, डीई, एसई अशी उतरंड. तिकडे कनिष्ठ अभियंता, उपकार्यकारी, कार्यकारी, अधीक्षक. काम एकच. रब्बीत डीपी, म्हणजे गावचं रोहित्र, जळते, आणि गाव त्या अभियंत्याला धारेवर धरतं.

डीपी का जळते, हे एका साध्या हिशेबात बसतं. ६३ केव्हीएचं रोहित्र ४१५ व्होल्टला फेजमागे जास्तीत जास्त ८८ अँपिअरच्या आसपास देऊ शकतं. पाच एचपीची मोटर साडेसात अँपिअरच्या घरात घेते. म्हणजे अकरा, फार तर बारा मोटरी. गावात त्यावर वीस असतात, काही आकडे टाकून. व्होल्टेज पडतं. मोटरीला पाणी तेवढंच उचलायचं असतं, म्हणून व्होल्टेज पडलं की ती करंट वाढवते. करंट वाढला की उष्णता वर्गाच्या प्रमाणात वाढते, म्हणजे करंट सव्वापट तर उष्णता दीडपटीहून जास्त. आधी शेवटच्या टोकाच्या शेतकऱ्याच्या मोटरीचं वाइंडिंग जातं, मग डीपीचं तेल तापतं. प्रत्येक मोटरीवर योग्य कपॅसिटर लावला तर हाच भार बराच हलका होतो, आणि बाजारात त्याची किंमत एका रिवाइंडिंगच्या बिलापुढे किरकोळ असते. शेतकऱ्याला हे पटवून देणं तांत्रिक काम आहे की सामाजिक, ते ज्याचं त्याने ठरवावं. चांगला एई दोन्ही करतो.

हेच वर्गाचं गणित पारेषणात उलटं वापरतात. ५०० मेगावॉट ११ केव्हीने पाठवायचे तर २६ हजार अँपिअरहून जास्त करंट वाहील. कुठली तार ते सोसणार? ४०० केव्हीला तोच करंट सव्वासातशेच्या आसपास येतो. म्हणून मोठे मनोरे. पॉवरग्रिड, महापारेषण, तेलंगणाची ट्रान्सको इथे घेतात. पॉवरग्रिड आणि एनटीपीसी ‘गेट’ या राष्ट्रीय परीक्षेच्या गुणांवर. गेटची तयारी तिसऱ्या वर्षापासून केली तर ती पदवीच्याच अभ्यासाची उजळणी ठरते. पदवीनंतर हैदराबादेत खोली घेऊन दोन-दोन वर्षं घालवणारी मुलं पाहिली की वाटतं, हे कुणीतरी त्यांना आधी सांगायला हवं होतं. जागा थोड्या असतात आणि बसणारे लाखांत.

सिंगरेणीला खाणीसाठीही विद्युत-यांत्रिकीचे अभियंते लागतात. खाणीतली वीज हा वेगळाच प्रांत आहे: तिथे मिथेन असू शकतो, म्हणून स्विचची ठिणगी बाहेर पडू नये अशी पेटीच जाड पोलादाची करतात. रेल्वेत २५ केव्हीच्या ओव्हरहेड तारा, ट्रॅक्शन सबस्टेशनं, काझीपेठची इलेक्ट्रिक लोको शेड. खाजगीत बीएचईएलच्या धर्तीची यंत्रं बनवणारे कारखाने, आणि आता हैदराबादची डेटा सेंटरं, जिथे एका क्षणाचाही खंड चालत नाही आणि म्हणून जनरेटर-बॅटरी सांभाळायला पक्की माणसं लागतात. कॉम्प्युटर कंपनीत जाणाऱ्यांना मी नावं ठेवणार नाही. घरचं कर्ज फेडायचं असतं. फक्त तिकडेच जायचं ठरलं असेल तर चार वर्षं अल्टरनेटरशी झगडण्यापेक्षा सरळ ती शाखा घ्यावी.

एक वाट क्वचितच कुणी सांगतं: विद्युत ठेकेदारीचा परवाना. जिनिंग मिल, शीतगृह, हॉस्पिटल, सगळ्यांना उच्चदाबाचं जोडणीकाम आणि विद्युत निरीक्षकाची मंजुरी लागते. आदिलाबादसारख्या कापसाच्या बाजारपेठेत जिनिंगच्या हंगामाआधी हे काम करणारा माणूस मिळत नाही, आणि मिळाला तर त्याचा भाव तोच ठरवतो.

धोका लपवू नये. लाइनवर चढायच्या आधी सबस्टेशनातून वीज बंद केल्याची लेखी खात्री घ्यायची असते, तेलंगणात तिला ‘एलसी’ म्हणतात, महाराष्ट्रात ‘परमिट’. ती तोंडी घेतली म्हणून किती लाइनमन गेले याची मोजदाद गावोगाव आहे. २० ऑगस्ट २०२० च्या रात्री श्रीशैलमच्या डाव्या तीरावरच्या भूमिगत वीजकेंद्रात आग लागली आणि नऊ जण गेले. त्यांत अभियंते होते, बाहेर पडण्याऐवजी केंद्र वाचवायला थांबलेले. मुलींना या कामाला पाठवावं का, असा प्रश्न इथे पालक विचारतात. तेलंगणात लाइनमनच्या भरतीत महिलांची खांबावर चढायची चाचणीच घेत नव्हते. २०२० मध्ये उच्च न्यायालयाने घ्यायला लावली, आणि मुली चढल्या. आणि त्याच्या किती आधी, १९४३ मध्ये, मद्रासच्या गिंडी कॉलेजातून ए. ललिता इलेक्ट्रिकलची पदवी घेऊन बाहेर पडल्या होत्या. तेलुगू घरातल्या, अठराव्या वर्षी वैधव्य आलेल्या, पदरात तान्ही मुलगी. पुढे कलकत्त्याच्या कंपनीत पारेषण लाइनींची आणि सबस्टेशनांची आखणी हे त्यांचं काम, भाक्रा-नानगलच्या यंत्रांशीही त्यांचा संबंध आला.

येत्या वर्षांत बदलतो आहे तो पन्नासचा काटाच सांभाळायचा प्रकार. महाराष्ट्रात शेतीचे फीडर वेगळे करून सौर केंद्रांवर चालवायची योजना २०१७ पासून आहे आणि २०२३ पासून तिला जोर आला. रात्रीच्या पाळीऐवजी दिवसा वीज, हा तिचा मुख्य फायदा. सिंगरेणीनेही आपल्या जागांवर सौर प्रकल्प टाकले. पण दुपारी वीज भरमसाट आणि संध्याकाळी सातला सूर्य नाही, नेमकी तेव्हा मागणी शिगेला. म्हणून साठवण. घाटघरला २००८ पासून २५० मेगावॉटचं केंद्र खालचं पाणी वर चढवतं आणि गरजेला खाली सोडतं. श्रीशैलमच्या डाव्या तीरावरची १५० मेगावॉटची सहा यंत्रंही उलटी फिरवून पाणी वर चढवता येतं. पूर्वी हे पाणी रात्री चढवायचे, आता दुपारी चढवणं परवडू लागलं आहे. त्याच्या जोडीला बॅटऱ्या.

आणखी एक अडचण आहे जी अजून बऱ्याच वर्गांत पोचलेली नाही. रामगुंडमचा शेकडो टनांचा फिरता रोटर मागणी अचानक वाढली तर आपल्या गतीतून काही सेकंद वीज पुरवतो आणि माणसाला सावरायला वेळ देतो. सौर पॅनेलमध्ये फिरणारं काहीच नाही. पॅनेलची डीसी वीज इन्व्हर्टर एसी करतो, म्हणजे भद्रावतीच्या केंद्रातली अर्धी क्रिया, आता हजारो छपरांवर आणि माळांवर विखुरलेली. त्या इन्व्हर्टरला रोटरसारखं वागायला शिकवणं हे पुढच्या दहा-पंधरा वर्षांचं काम आहे आणि ते पॉवर इलेक्ट्रॉनिक्स आणि कंट्रोल या दोन विषयांत दडलं आहे. तिसऱ्या वर्षी ऐच्छिक विषय निवडताना अवघड म्हणून बहुतेक मुलं टाळतात, ते नेमके हेच दोन.